खिडकी कोणत्या हाताला?

१

बावीस वर्षांपूर्वी एका चष्मेवाल्याचा खून झाला. दुकानामागच्या खोलीत, जिथे भिंगं घासायचं काम चालायचं, तिथे कोणीतरी त्याच्या डोक्यात लोखंडी ठोकळा घातला आणि बाहेरून कुलूप लावून निघून गेलं. त्याच्याकडे अकरा वर्षं काम केलेल्या कारागिराने अटकेनंतर तिसऱ्या दिवशी कबुली दिली. खटला चालला, जन्मठेप लागली. सोळा वर्षं भोगून तो सुटला, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

फाइल बंद होती आणि कोणाला तिची आठवणही नव्हती. कारागिराच्या मुलीला सोडून.

ती माझ्या कचेरीत आली तेव्हा गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. वय तीस-एकतीस. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मी शिंपीण आहे. काम टाकून आलेय, वेळ नाही," ती म्हणाली. "तुम्ही कोर्टात एक वाक्य बोलला होतात. मला पाठ आहे. 'खोटं बोलणारा माणूस इतके बारीक तपशील देऊ शकत नाही.' मी नऊ वर्षांची होते. शेवटच्या बाकावर आईच्या मांडीला चिकटून बसले होते."

आरोपींच्या, साक्षीदारांच्या मनाचा ठाव घ्यायचा आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे माझं काम. न्यायमानसशास्त्रज्ञ असं त्याला भारदस्त नाव आहे. तो खटला माझा पहिला मोठा खटला. मी सत्तावीस वर्षांची होते. कबुली वाचली, ती खरी वाटते असं सांगितलं आणि बाहेर आल्यावर आमच्या संस्थेचे प्रमुख असलेल्या सरांनी माझी पाठ थोपटली. ते वाक्य मलाही पाठ होतं. पुढे कितीतरी अहवालांत मी ते वापरलं.

"वाक्य तुमचं आहे," ती म्हणाली. "परत घ्या."

"असं बोललेलं परत घेता येत नाही, बाई."

"उसवता येतं. मी रोज उसवते."

मी तिला वाटेला लावू शकले असते. पण तिच्या बोलण्यात विनवणी नव्हती, आणि विनवणी न करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. फाइल मागवली. चार दिवसांनी आली. मुलीला फोन केला, तीही आली, या वेळी मोजपट्टीशिवाय.

कबुलीजबाब तिने वाचला. मग खोलीचा फोटो. पूर्ण खोलीचा तो एकच होता, दारातून काढलेला. बाकीचे जखमेचे, हाताचे, जवळून घेतलेले. फोटोत डावीकडे खिडकी, खिडकीखाली भिंगं घासायचं मशीन आणि मध्ये जमिनीवर उताणे पडलेले मालक. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, पण तो वाचता न येणाऱ्यांसाठीचा, नुसत्या खुणांचा. फोटोत एकही अक्षर नव्हतं.

तिने तो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, हिला भोवळ येणार. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"हा शर्ट कोणी शिवला?" ती म्हणाली.

"काय?"

"खिसा बघा. उजव्या छातीवर. आणि बटणपट्टी बायकांच्या शर्टासारखी. मालक नीटनेटके होते. असला शर्ट त्यांनी अंगात घातला नसता, आणि कोणत्याही शिंप्याने शिवला नसता." तिने फोटो माझ्यासमोर ठेवला. "शर्टात काही चूक नाही. फोटो उलटा आहे."

२

निगेटिव्ह फाइलच्याच पाकिटात होती. फोटोवाल्याने ती उलट्या बाजूने छापली होती. चूक साधी, हातून होऊन जाणारी. पाच मिनिटांत आमच्या प्रयोगशाळेने सुलट फोटो काढून दिला. खिसा डाव्या छातीवर आला. आणि खिडकी उजवीकडे गेली.

मी घटनास्थळाची नोंद उघडली. ज्या हवालदाराने कुलूप तोडलं त्याने लिहिलं होतं, 'आत शिरताना खिडकी उजव्या हाताला.' मग कबुली. 'मी आत गेलो. खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. तिच्याखालच्या मशीनवरचा ठोकळा उचलला.'

दोन्ही कागद एकाच फायलीत होते, सोळा पानांच्या अंतराने. बावीस वर्षांत कोणी ते शेजारी ठेवून वाचले नव्हते. मीसुद्धा नाही.

अकरा वर्षं रोज ज्या खोलीत माणूस शिरतो, तिथली खिडकी तो चुकीच्या हाताला सांगेल? घाबरला तरी सांगणार नाही. शरीराला ठाऊक असतं. म्हणजे तो खोली आठवून बोलत नव्हता, समोर ठेवलेला फोटो पाहून बोलत होता. कबुली घेणारा अधिकारी दुसऱ्या पथकाचा होता. त्याने ती खोली पाहिलेलीच नव्हती. त्यालाही फोटोच माहीत होता.

ते बारीक तपशील, ज्यांवर मी एवढी भाळले होते, ते सगळे त्या उलट्या फोटोतले होते.

मी सरांकडे गेले. ही संस्था त्यांनी उभी केली आणि मला बोट धरून शिकवलं. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा काढला, पुसला.

"तो सुटून आलाय ना?"

"शिक्षा भोगून आलाय, सर. सुटलेला नाही."

"तुझे तीनशे अहवाल आहेत. एक धागा ओढलास की सगळं विणकाम जाईल. माझंही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ रिकामी आहे हे आपल्याला कळलंय आता."

"ही फाइल तू पुढे नेणार नाहीस. हुकूम समज."

"मग लेखी द्या, सर."

पंचवीस वर्षांत मी त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. कागद पुढ्यात होता, पेन हातात होतं. त्यांनी लिहून दिलं नाही. मी फाइल उचलली आणि बाहेर पडले.

३

कारागीर मुलीच्या दुकानात इस्त्री करत होता. मी आत आल्यावर त्याने मान वर केली, ओळखलं आणि पुन्हा कॉलरवर इस्त्री फिरवू लागला.

"बाबा, या—"

"माहीत आहेत. कोर्टात अर्धा तास बोलल्या. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाशी बोलत होत्या."

हे खरं होतं.

"कबुली कशी दिलीत ते सांगाल?"

"तीन दिवस झोपू दिलं नाही. मग म्हणाले, आता बायकोला आणतो, पोरीला आणतो. फोटो समोर ठेवला. साहेबाने विचारलं, खिडकी कुठे? मी म्हटलं, उजवीकडे. तो म्हणाला, नीट बघ. बघितलं, तर डावीकडे होती." त्याने इस्त्री उभी केली. "मला वाटलं, आपलं डोकं फिरलं. अकरा वर्षं ज्या खिडकीच्या उजेडात काम केलं तीच आपल्याला आठवत नाही, मग कोण जाणे, खूनही आपणच केला असेल आणि आठवत नसेल. म्हटलं, डावीकडे. लिहा."

मुलीने हे कधी ऐकलं नसावं. तिने हातातली कात्री टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली.

"त्या दिवशी खरं काय झालं?"

"काही नाही. मशीन हलवलं. ते पहिल्यापासून दाराशी होतं, आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला. दुपारी चारला मालक म्हणाले, उजेड पुरत नाही, खिडकीखाली घेऊ. दोघांनी ढकलत नेलं. माझी पाठ भरून आली, म्हणून साडेपाचलाच घरी पाठवलं त्यांनी. भला माणूस होता."

खून झाला सातच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी तक्रार केल्यावर पोलिसांनी कुलूप तोडलं, खोलीला सील लावलं. घरच्यांनी प्रेत पाहिलं ते इस्पितळात. खटल्यानंतर तर जागेच्या मालकाने भिंतच पाडली.

"मशीन हलवलं हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मालकांना आणि मला."

"आणि आणखी एकाला," मी म्हटलं. "सात वाजता जो त्या खोलीत होता त्याला."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

४

माझ्याकडे लाकडी तुकड्यांचा एक डबा आहे. दार, खिडकी, टेबल, कपाट. लहान मुलांची साक्ष घ्यायची असली की मी तो वापरते. बोलताना माणूस सावध असतो, पण हाताने मांडताना तो आठवणीच्या मागे जातो.

खटल्यात तिघांच्या साक्षी महत्त्वाच्या होत्या. मालकीणबाई, मालकांचा धाकटा भाऊ आणि समोरच्या दुकानातला घड्याळजी. पहिल्या दोघांचं मालकांशी वरचेवर वाजायचं. घड्याळजीने कारागिराला सात वाजता दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

आधी भावाकडे गेले. त्याने डबा पाहिला आणि भडकला. "खेळायला बोलावलं का मला? मेला तो माझा भाऊ. आणि दुकान मला हवं होतं म्हणून साऱ्या गल्लीने बोट माझ्याकडे दाखवलं!"

"तेच बोट खाली करायला आलेय. खोली मांडून दाखवा."

बराच वेळ कुरकुरला, मग मांडली. दार. खिडकी डावीकडे. तिच्याखाली मशीन.

मशीन खिडकीखाली! पण लगेच लक्षात आलं. "खिडकी डावीकडे, नक्की?"

"शंभर टक्के. कोर्टात रोज बसत होतो, तो फोटो रोज समोर होता. खोलीत मी कशाला जातोय? दादा मला दुकानाच्या आत घेत नव्हता."

मालकीणबाई आता सत्तरीच्या. त्यांनी तुकडे एकेक करून हातात घेतले, जणू घर आवरत होत्या. खिडकी उजवीकडे. मशीन दाराशी, डाव्या हाताला. "शिरताना पदर अडकायचा माझा त्या मशीनला. किती वेळा सांगितलं, हलवा म्हणून. ऐकतील तर शपथ." त्या खुर्चीवर मागे टेकल्या. "हलवलं नाहीच."

मी काही सांगितलं नाही. त्यांनी आपणहून एक पेटी आणून दिली. "दुकानातलं एवढंच ठेवलंय. त्यांच्या हातचं अक्षर आहे, टाकवत नाही. पोलिसांनी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं."

पेटीत नजर तपासलेल्या माणसांची कार्डं होती, शेकड्यांनी. ती आडनावांनुसार लावलेली होती; मी एकेक पुढे सरकवत गेले आणि एका कार्डावर थांबले. तारीख खुनाच्या तीन आठवडे आधीची. 'उजवा डोळा, फक्त उजेड-अंधार. डावा, तीन पावलांवर बोटं कशीबशी मोजतो. तंत्रशाळेतल्या नोकरीसाठी नजर चांगली असल्याचा दाखला मागतो. देता येणार नाही. पुन्हा येईल.'

कार्ड घड्याळजीचं होतं. आणि याच घड्याळजीने रस्त्यापलीकडून संध्याकाळच्या उजेडात कारागिराचा चेहरा ओळखला होता.

५

घड्याळजी आता पूर्ण आंधळा. मनगटावर काच काढलेलं घड्याळ होतं आणि काट्यांवर बोट फिरवून तो वेळ सांगे. मी कोण, कशासाठी आले, सगळं सांगितलं. बोलणं टेप करायलाही त्याने खुशाल हो म्हटलं. साक्षीचा त्याला अभिमान होता.

"पुन्हा सांगायला काय हरकत आहे? सत्य ते सत्य. सात वाजता तो बाहेर पडला, इकडे तिकडे पाहिलं आणि गेला."

"तुम्ही तेव्हा आत गेला होतात?"

"छे. सहा महिने मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. आमचं बिनसलं होतं. त्याआधी मात्र रोजचं येणंजाणं. मागच्या खोलीत चहा व्हायचा."

"मग खोली तुम्हाला चांगली आठवत असेल." मी डबा उघडला. "बोटांनी मांडून दाखवाल? घाई नको. दारातून आत शिरा, मग काय लागतं ते सांगत चला."

त्याला हे आवडलं. आयुष्यभर चिमट्याने चाकं बसवलेली बोटं ती. दार ठेवलं. टेबल. कपाट. खिडकी उजवीकडे.

"आता खिडकीकडे चला," मी हळूच म्हटलं.

"जपून जायला हवं. मशीनचा कोपरा मांडीत घुसतो." त्याने नकळत उजवी मांडी चोळली आणि लांबट तुकडा खिडकीखाली ठेवला. "असा."

बाहेर कोणीतरी बादली आपटली तेवढाच आवाज.

"नक्की तिथेच?"

"म्हणजे काय! अजून आठवतंय दुखणं."

"घड्याळजी," मी म्हटलं, "अकरा वर्षं ते मशीन दाराशी होतं, डाव्या हाताला. तुम्ही चहा प्यायला जात होतात तेव्हाही. खिडकीखाली ते फक्त एक संध्याकाळ होतं. खुनाची."

त्याची बोटं तुकड्यावरून उठली.

"फोटोत पाहिलं असेन. कोर्टात."

"फोटो उलटा छापला होता. त्यात खिडकी डावीकडे आहे. ज्यांनी फोटो पाहिला ते डावीकडे मांडतात, धाकट्या भावाने तसंच मांडलं. ज्यांनी खोली पाहिली ते खिडकी उजवीकडे मांडतात आणि मशीन दाराशी, मालकीणबाईंनी तसं मांडलं. सील लावणारे पोलीस सोडले तर तुमच्यासारखं मांडणारे या जगात तीनच जण असू शकतात. एक मेला. दुसरा साडेपाचला घरी गेला. आणि तुम्ही फोटो कसा पाहणार होतात? तीन पावलांवरची बोटं तुम्हाला धड दिसत नव्हती. मालकांच्या हातचं कार्ड आहे माझ्याकडे, तीन आठवडे आधीचं. सहा महिने पायरी चढला नव्हतात ना?"

"घड्याळं दुरुस्त करत होतो मी!"

"डोळ्याला भिंग लावून, नाकाशी धरून. ते कामच तसं, म्हणून कोणाला कळलं नाही. पण रस्त्यापलीकडचा चेहरा नाकाशी धरता येत नाही."

तो हसला, कोरडं. "बरं. लाव फास आंधळ्या म्हाताऱ्याला. लोक तुझ्यावरच थुंकतील."

"थुंकू देत."

टेप चालू होती. मला वाटलं, आता हा एक अक्षर बोलणार नाही. मग तो बोलला, पण माझ्याशी नाही.

"एक सही मागत होतो. एक. त्या नोकरीत मशीन शिकवायचं होतं, तोंडी. डोळे लागतात कशाला? तो म्हणाला, मुलांची बोटं जातील तुझ्यामुळे. ठीक आहे, म्हण. नाही म्हण. पण त्याने माझा दंड धरला आणि मला दाराकडे वळवलं. वळवलं! आंधळ्याला वळवतात तसं." त्याचा हात हवेत उठला आणि तिथेच राहिला. "तोपर्यंत मला कोणी हात लावून वळवलं नव्हतं."

"आणि कारागीर?"

"पोलिसांनीच विचारलं, हाच होता ना? मी म्हटलं, हो."

६

फेरसुनावणीला सर पहिल्या रांगेत बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे राजीनामा मागितला होता. मी म्हटलं होतं, काढून टाका, राजीनामा देणार नाही. मला मान खाली घालून जायचं नव्हतं.

टेप ऐकवली गेली. दोन्ही फोटो, कार्ड, लाकडी तुकडे, सगळं समोर मांडलं. मग मी उभी राहिले. या वेळी हातात कागद नव्हता.

"बावीस वर्षांपूर्वी याच न्यायालयात मी सांगितलं की ही कबुली खरी आहे. मी चुकले होते. नवखी होते म्हणून नव्हे. कबुली आणि घटनास्थळाची नोंद शेजारी ठेवून वाचायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत. मला माझं वाक्य फार आवडलं होतं."

न्यायाधीश चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे? तुमच्या प्रत्येक अहवालावर उद्या प्रश्नचिन्ह लागेल."

"लागायलाच हवं. सगळे तपासा. मी स्वतः काढून देते."

सर उठून गेले. दार त्यांनी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

निकाल तासाभराने आला. कारागीर निर्दोष. घड्याळजीवर खटला भरण्याचा आदेश. मालकीणबाई आपल्या जागेवरून उठून कारागिराजवळ गेल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. त्याने थोडं सरकून जागा दिली.

बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी त्याला गराडा घातला. कसं वाटतंय, विचारत होते. मुलगी मध्ये पडली. "बाजूला व्हा. सोळा वर्षं कोणी विचारलं नाही, आज एक दिवस नाही कळलं तरी चालेल." कोपराने त्यांना बाजूला सारत तिने वाट काढली.

मी खाली उभी होते. कारागीर माझ्यासमोर येऊन थांबला.

"माफी मिळणार नाही," तो म्हणाला.

"मागायला आले नाही."

"चांगलं केलंत." त्याने रस्त्याकडे पाहिलं. "ते वाक्य. माझ्यासाठी बोललात ते. आणखी कोणाकोणासाठी बोललात?"

मी मोजलं होतं. सुलट फोटो हातात आला त्याच संध्याकाळी कपाटातले सगळे अहवाल काढून मोजलं होतं.

"अकरा जणांसाठी."

"आत आहेत?"

"सात जण आहेत. दोघं सुटले. दोघं तिथेच वारले."

त्याने मान हलवली. मुलीने त्याचा हात धरला, चला बाबा म्हणाली, पण तो हलला नाही.

"मग इथे कशाला उभ्या आहात?" तो म्हणाला. "जा. लागा कामाला."